म्हातारबुवांच्या नावावर

प्रिय मामा,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी वाचनालयाच्या लोखंडी जिन्यावर उभी होते आणि माझ्या मागे भुतांच्या गोष्टी ऐकायला आलेली एका शाळेची अख्खी सहल खोळंबली होती. 'नंतर बोलते' म्हणून मी फोन ठेवला आणि मग नंतर काही बोललेच नाही. तू वाट पाहिली असशील. रागावलाही असशील, पण तुझा राग तो केवढा! चष्मा काढायचा, टायच्या टोकानं पुसायचा आणि परत लावायचा, की झाला राग. खरं सांगू का, फोनवर तुझ्याशी बोलणं मला जमतच नाही. तू मध्येच काहीतरी गमतीचं बोलतोस, मी हसते, आणि जे सांगायला निघालेली असते ते तसंच राहून जातं. लहानपणापासून हे असंच चालत आलंय. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून आज पेन घेऊन बसले आहे. चहा कर, खिडकीपाशी बस आणि सलग वाच. मध्येच उठू नकोस.

आधी इकडची खबरबात. नव्या ग्रंथपाल बाई कामाला वाघ आहेत. आल्या आल्या त्यांनी वाचनदालनाच्या छताची गळती बंद करून घेतली आणि दारावरचं मोठं घड्याळ दुरुस्त करवलं. त्यामुळे आमची एक भुताची गोष्ट बाद झाली. कुणाचं मरण जवळ आलं की ते बंद घड्याळ आपोआप वाजतं, असं आम्ही सांगायचो. आता ते दर तासाला वाजतं. एवढ्या वेगानं माणसं मरायला लागली तर वाचक उरायचे नाहीत! तळघरातल्या बांधणी खात्यात मात्र अजून खळीचा वास येतो. तिथे काम करता करता गेलेल्या एका बाइंडरचा आत्मा अजून पुस्तकं शिवतो, असं सांगून मी लोकांना तो वास घ्यायला लावते. मागे कधीतरी तिथे खळीचा डबा सांडला आणि कपाटाखालचं कुणी पुसलं नाही, एवढंच आहे ते. पण लोक डोळे मिटून हुंगतात आणि हात पुढे करून अंगावर आलेला काटा दाखवतात. माणसं काटा यायच्या तयारीनंच आलेली असतात, मामा. आपण फक्त निमित्त द्यायचं. ही कला तूच मला शिकवलीस. केव्हा घडलं ते धूसर ठेवायचं, एखादी वस्तू मात्र हाताला लागेल इतकी स्पष्ट सांगायची, आणि नाव कधीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की भुताचा माणूस होतो आणि मग कुणी घाबरत नाही, असं तू म्हणायचास.

म्हातारबुवा अजूनही सगळ्यांचे लाडके आहेत. कोपऱ्यातल्या खुर्चीत रोज येऊन बसणारा एक म्हातारा वाचक, वाचता वाचताच डोळे मिटलेला, आणि पुस्तक पुरं व्हायचं राहिलं म्हणून अजून येणारा. गोष्ट तशी साधीच आहे. पण लोकांना भुतापेक्षा आपल्याकडची ती पद्धत जास्त आवडते. कुणाच्या हातून काही चुकलं, पुस्तक भलत्याच कपाटात गेलं, शाई सांडली, वाचकाची पावती हरवली, की सगळे एका सुरात म्हणायचे, 'म्हातारबुवांनी केलं!' की संपला विषय. नव्या माणसाची पहिली चूक तर वाजतगाजत म्हातारबुवांच्या नावावर टाकायची आणि सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. ही पद्धत तूच सुरू केलीस. तुझ्या हाताखाली कुणाला कधी मेमो मिळाला नाही, कुणाचा पगार कापला गेला नाही. अजूनही जुने लोक भेटले की सांगतात, ग्रंथपाल असावा तर तुझ्या मामासारखा, माणसाला सांभाळून घेणारा. मी मान हलवते. खोटं नाहीच ते. तू सांभाळून घ्यायचास. कुणाची चूक कुणाच्या नावावर टाकायची, हे तुला फार लवकर कळलं होतं.

मला तरी तू कुठे कमी केलंस? आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी माझं दप्तर आणि बाहुली घेऊन तू मला तुझ्या घरी आणलंस. शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला तू स्वतः बसायचास, कोपरे असे दुमडायचास की वर्षभर निघायचे नाहीत. ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचास. तुझ्या मुलापेक्षा माझ्या ताटात काकणभर जास्तच पडायचं, यावरून तो बिचारा रुसायचा. कुणाशी ओळख करून देताना तू 'भाची' असं कधी म्हणाला नाहीस, 'माझी मुलगीच' म्हणालास. तेव्हा ते ऐकून माझी छाती भरून यायची. आता ते शब्द आठवले की दात आवळले जातात. कारण इतकं प्रेम करणारा माणूस खोटं बोलेल असं मला कधी वाटलंच नाही, आणि त्यापायी मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं.

गॅलरीतल्या बाईची गोष्टही तूच मला पाठ करून दिलीस. मी वाचनालयात गोष्टी सांगायच्या कामाला लागले तेव्हा तू मला वर घेऊन गेलास, वळणावरच्या कठड्यापाशी उभं केलंस आणि सगळं समजावून सांगितलंस. इथे एक बाई कामाला होती. गॅलरीतली पुस्तकं वाचकांना खाली आणून द्यायची. तिचा नवरा तिला सोडून गेला होता. हळूहळू ती म्हातारबुवांच्या खुर्चीशी बोलायला लागली. आणि एका दुपारी, छातीएवढा उंच कठडा जागच्या जागी असताना, जराही हललेला नसताना, ती खाली वाचनाच्या टेबलावर पडलेली सापडली. कठडा शाबूत आणि बाई खाली. मग ती गेली कशी? इथे थांबायचं, तू म्हणालास, आणि लोकांना हात लावून कठडा हलवून बघायला सांगायचा. गोष्टीत खरी गंमत तिथे आहे. मी तसंच करत आले. वर्षानुवर्षं दर शनिवारी चार वाजता लोकांना कठडा हलवायला लावला आणि तो घट्ट आहे म्हणून त्यांच्या तोंडावर पसरणारी भीती बघितली. आपल्याच आईचं भूत मी तिकीट लावून दाखवत होते. आणि तू त्याला गंमत म्हणालास तेव्हा तुझा आवाज जराही कापला नाही. ती तुझी पाठची बहीण होती, मामा. तिला तू 'ती बाई' म्हणालास आणि मीही म्हणायला लागले.

आई खुर्चीशी बोलायची, हे मात्र खरं. 'म्हातारबुवा, पाय वर घ्या, केर काढायचाय.' असं ती रोज सकाळी म्हणायची आणि अख्खं वाचनालय हसायचं. तुम्ही सगळेच बोलत होता त्या खुर्चीशी. तू तर त्या रिकाम्या खुर्चीला परीक्षेचे पेपर कसे गेले ते विचारायचास. पण चौकशीला माणसं आली तेव्हा खुर्चीशी बोलणारी म्हणून तू एकट्या आईचं नाव सांगितलंस. नवऱ्यानं टाकलेली, चित्त थाऱ्यावर नाही, भुताशी बोलते. मग त्यांना आणखी काय हवं होतं? त्यांनी वर जाऊन कठडा हलवून पाहिला, तो हलला नाही, आणि ते चहा पिऊन गेले.

पण त्याच्या आधी तो हलत होता. हे तुला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसरीत होते मी. शाळा सुटली की वाचनालयात यायचे आणि जिन्याखाली मुलांच्या कोपऱ्यात बसायचे. वाचनालयाच्या दुपारच्या सुट्टीत तू, आई आणि मी मागच्या खोलीत डबा खायचो. तिथे आईनं तुला एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. 'दादा, त्या वळणावरचा कठडा डुगडुगतोय रे. वर्तमानपत्रांचे जाड खंड घेऊन मी त्याला टेकते, मला भीती वाटते.' आणि तू घास चावत म्हणालास, 'बघू, बघू. म्हातारबुवा हलवत असतील, त्यांना सांगतो मी.' आई हसली. मीही हसले. पुढच्या वेळी ती बोलायला लागली तर तू आधीच 'म्हातारबुवा!' म्हणालास आणि तिचं वाक्य पुरं झालंच नाही. तुमच्या वाचनालयात कठड्याचा निखळलेला नटसुद्धा भुताच्या नावावर टाकायची सोय होती. दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर कुणीतरी वैतागून एक लोहार तरी बोलावला असता.

ती दुपार मी तुला सांगायला नको, पण सांगणार आहे, कारण माझ्या बाजूनं ती तू कधी ऐकूनच घेतली नाहीस. मोठा आवाज झाला. मी जिन्याखालून बाहेर आले. टेबलाभोवती माणसं धावली, सगळे खाली आईकडे बघत होते. मी वर बघितलं. आई वर असते, एवढंच मला ठाऊक होतं. वळणावरचा कठडा बाहेर झुकून लोंबत होता आणि भिंतीतून पांढरी भुकटी गळत होती. माझ्या केसांवर पडली ती. मग कुणीतरी मला उचललं, आईला गाडीत घातलं, आणि तू म्हणालास, 'तुम्ही व्हा पुढे, मी बंद करून येतो.' सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. ग्रंथपालानं वाचनालय उघडं टाकून कसं जायचं?

इस्पितळात आई शुद्धीवर होती, मामा. हे तुला कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. तुटक तुटक बोलत होती. माझा हात तिच्या हातात होता आणि ती विचारत होती, 'दादा कुठंय? दादा आला का?' मी म्हणत होते, येतोय, येतोय. नर्सबाईही म्हणाल्या, येतील हं. तुला बघितल्याशिवाय ती डोळे मिटायला तयार नव्हती. शेवटी मिटले. तू आलास तेव्हा दिवे लागले होते आणि तुझ्या अंगात जाकीट होतं, गळ्याशी बंद केलेलं, इतकं उकडत असताना. तू रडलास. ते रडणं खोटं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही.

दिवसकार्य उरकल्यावर तू मला पुन्हा वाचनालयात नेलंस, मी वर बघितलं, तर कठडा सरळ. मी तुला म्हटलं, तो तुटला होता. तू खाली बसलास, माझे दोन्ही खांदे धरलेस आणि इतक्या मायेनं म्हणालास, 'घाबरली होतीस ना, बाळा, भलतंच दिसतं मग.' मी शाळेत बाईंना सांगितलं, त्यांनी तुला सांगितलं, तू त्यांना सांगितलंस की पोर धक्क्यात आहे. त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की मला दिसलं ते भलतंच. वर्गात मुली कुजबुजायच्या, 'हिच्या आईनं उडी मारली.' मोठी झाले, एका चांगल्या घरी माझं जमत आलं होतं, तर त्या लोकांनी हेच कारण सांगून पाय मागे घेतला. अशा बाईची मुलगी, उद्या काय करेल सांगता येत नाही. मी त्यांना दोष दिला नाही. मी आईला दिला. रात्री अंथरुणात पडून मी तिला विचारायचे, मला टाकून उडी का मारलीस गं? इतकी का जड झाले होते मी तुला? आयुष्यभर मी आईवर रागावून राहिले, मामा. तुझ्याकडून हे मी कशानं भरून घेऊ?

मामीनं सांगितलं. अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी रोज दुपारी येऊन बसायचे, तू बाहेरच्या खोलीत झोपलेला असायचास. एक दिवस तिनं माझा हात धरला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, 'तो शर्ट मी धुतला गं. गंज आणि काळं वंगण, आणि खांद्यावर चुना. दोनदा साबण लावला तरी डाग जाईना. मी विचारलं तर म्हणाले, कठडा आवळला, नाहीतर नोकरी जाईल आणि दोन्ही पोरं रस्त्यावर येतील.' मग तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. म्हणाली, 'मी गेल्यावर काय करायचं ते कर. मी असेपर्यंत नको.' मी तिचं ऐकलं. ती गेली तेव्हा मी मनापासून रडले आणि रडता रडता मला हलकंही वाटत होतं, कारण आता मी मोकळी होते. माझी आई विचारत होती दादा कुठंय, आणि दादा गॅलरीत गुडघ्यावर बसून पाना फिरवत होता.

तुझ्यावर ओरडायला यायचं असं आधी ठरवलं होतं. तुझ्या दारापर्यंत आलेसुद्धा. तू दार उघडलंस, 'आलीस होय!' म्हणालास, आणि माझ्यासाठी ठेवलेली बिस्किटं काढलीस. मी खाल्ली आणि परत आले. घरी येऊन स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तेव्हा कळलं की तुझ्यासमोर मला तोंड उघडता यायचं नाही. पण मला एक गोष्ट येते. मला भूत करता येतं.

त्या महिन्यापासून बाईची गोष्ट मी बंद केली. कुणी विचारलं तर सांगते, ती बाई आता इथे नसते, तिला घरी नेलं. तिच्या जागी आता पानेवाला आहे. लोकांना मी वळणावरच्या कठड्यापाशी उभं करते, गप्प राहायला सांगते आणि मग हळू आवाजात सुरू करते. सगळे निघून गेले की इथे एकजण येतो. त्याच्या हातात नट आवळायचा पाना असतो. तो गुडघ्यावर बसतो आणि कठडा आवळायला लागतो. लांबून कुणीतरी बाई त्याला हाक मारते, 'दादा, दादा.' तो मान वर न करता म्हणतो, 'बघू, बघू,' आणि आवळत राहतो. नट काही बसत नाही आणि ती हाक काही थांबत नाही. मामा, तुला सांगते, पहिल्याच शनिवारी एका निवृत्त न्यायाधीशानं शपथेवर सांगितलं की त्याला किरकिर ऐकू आली. एका बाईंना खुर्ची द्यावी लागली. शाळेची मुलं तर आता रस्त्यात एकमेकांच्या मागून जाऊन 'बघू, बघू' असं घोगऱ्या आवाजात म्हणतात आणि किंचाळत पळतात. तू परवा केस कापायला गेला होतास तेव्हा न्हाव्याचा मुलगा तुझं 'बघू, बघू' ऐकून खिदळला म्हणे, आणि तू त्याला खाऊला पैसे दिलेस. तुझ्या कानावर ते आलं कसं हे मला ठाऊक नाही, पण आलं, हे शनिवारी तुझ्या आवाजावरून कळलं.

कारण तू किती सहज बोललास! वाचनदालनाला तुझं नाव द्यायचं ठरलं, पुढच्या महिन्यात समारंभ, पाटी उघडायला मोठी मंडळी येणार, आणि पाटी बसणार ती बरोबर त्या टेबलाच्या वर. पाहुण्यांना गॅलरीत नेऊन एक गोष्ट तू सांग, म्हणालास, माझ्या मुलीनंच सांगितलेली शोभेल. 'ती बाईची सांग, तीच लक्षात राहते लोकांच्या. तो नवा पानेवाला का कोण, तो वगळ. पोरकट वाटतो.' आणि मग, जरा थांबून, घसा साफ करून, तू हसलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझं हसणं उशिरा आलेलं ऐकू आलं. त्या एका क्षणासाठी मी वर्षभर दर शनिवारी घसा कोरडा केला होता, मामा. पैसे वसूल झाले. जाता जाता तू असंही म्हणालास की तिसरीतल्या नातीला आणतोय, पुढच्या रांगेत माझ्याच शेजारी उभी राहील, आत्याची गोष्ट ऐकायची म्हणून तिनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तर तुझ्या फोनचं उत्तर असं. मी येणार आहे, चांगली साडी नेसून येणार आहे आणि पाहुण्यांना गॅलरीत घेऊन जाणार आहे. गोष्ट मी पानेवाल्याची सांगेन, एक शब्दही न गाळता. तुझं नाव घेणार नाही, शिकवलंस तशीच सांगेन. आजारी पडून घरी राहायचं मनात आलं तर राहा, तू समोर नसलास तर गोष्ट मला आणखी सोपी जाईल. आणि आलास, तर गोष्ट संपल्यावर तुझी नात विचारेल, 'आत्या, तो माणूस कोण होता?' सगळी मुलं हेच विचारतात. लेकराला यात कशाला ओढतेस, असं तुझ्या मनात येईल. तिला तू आणतोयस, मी नाही, आणि मीही तेव्हा तिसरीतच होते. एरवी मी सांगते, तो माणूस अजून जिवंत आहे, एवढंच. त्या दिवशी मी काहीच सांगणार नाही. मी तुझ्याकडे बघत उभी राहीन, आणि मी बघते म्हणून बाकीचे सगळे बघतील, आणि तीही मान वर करून तुझ्याकडे बघेल. तेव्हा तिला काय सांगायचं, हे ठरवायला तुला वेळ मिळावा म्हणून हे पत्र. माझ्या आईला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

तुझ्या बहिणीची मुलगी